सर्वानुमते

पक्षाचं ऑफिस बेदाण्याच्या गोदामावर,
तासगावात, मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला.
जिना चढताना गंधकाचा वास घशात बसतो
आणि बोलायला उठलं की
पहिला शब्द खोकल्यातूनच येतो.

सतरंजीवर दहा जण. खुर्च्या तीन.
खुर्चीत कोण, हे कुणी ठरवलेलं नाही,
तरी कधी चुकत नाही.

विषय क्रमांक चार :
बाजार समितीच्या निवडणुकीत
कोल्ड स्टोरेजवाल्या शेठच्या पॅनेलला पाठिंबा.
आपल्याला दोन जागा.

दोन वर्षांमागं ह्याच शेठच्या फाटकापुढं
चौदा दिवस बसलो होतो आम्ही
बेदाणा निवडणाऱ्या बायकांच्या रोजासाठी.
त्यात माझी आई होती.
तिची बोटं अजून चिकट आहेत,
ती भात कालवते तेव्हा
मला घोषणा आठवतात.

दयानंदनं आकडे आणलेले,
गुणिले, भागिले, थकीत किती.
कुणी विचारले नाहीत. त्यानं कागद
शर्टाच्या खिशात परत घातला, चार घड्या करून.
इलाही म्हणाला,
"भाई, मग ते चौदा दिवस काय होते?"

भाई हिंदुरावांनी चष्मा काढला, पुसला, हातातच ठेवला.
"आत शिरल्याबिगर कुलूप उघडत न्हाई, पोरांनो."
"आत शिरलेला माणूस
कुलूप कशाला उघडंल, भाई?"
खाली हमाल मोठ्यानं हसले.
आमच्यावर नव्हे, पण वेळ तीच होती.

हात वर. दहा.
विरोधात तीन, त्यात एक माझा,
डावा, कारण उजव्यात पेन होतं.

"लिही पोरी, सर्वानुमते," भाई म्हणाले.
"भांडण घरातलं. वही बाहेर जाती."

वही माझ्याकडं, कारण माझं अक्षर चांगलं.
पक्षानं माझ्यात पाहिलेला
हा आजवरचा एकच गुण.

त्या संध्याकाळी कपाट उघडलं
ठरावाची भाषा बघायला, असं मी स्वतःला सांगितलं.
कसर लागलेल्या वह्या. साल एकोणऐंशी, जांभळी शाई :
खरेदी-विक्री संघात बागायतदारांशी समझोता.
ठराव बहुमताने मंजूर. विरोध एक.
भाई हिंदुराव यांनी आपला विरोध
नावानिशी नोंदवावा असा आग्रह धरला.
त्याप्रमाणे नोंदवला.

लिहिणारा कोण, माहीत नाही.
अक्षर वाईट. नोंद चोख.

दोन्ही वह्या घेऊन भाईंच्या घरी गेले.
मोतीबिंदू पिकलाय, म्हणून मीच वाचलं,
नवं नाही, जुनं.
ते बराच वेळ खाटेच्या नवारीवर बोट फिरवत राहिले.
"तवा माझं वय काय गं?"
"तेवीस असेल."
"आन् तुझं?"
"चोवीस."
"त्या समझोत्यातनं चार गावांस्नी लिफ्टचं पाणी आलं.
त्ये लिवलंय का त्या वहीत?"
नव्हतं लिहिलेलं.
"मी चुकलो हुतो तवा. त्येबी लिव."

हे खरं बोलले, की डाव टाकला?
चाळीस वर्षं सभा जिंकलेल्या माणसाचा आवाज
दोन्ही वेळेला सारखाच लागतो.
आणि चारातलं एक गाव माझ्या आजोळचं.
तिथल्या विहिरीचं पाणी मी प्यायलेय.

तरी लिहिलं. बहुमताने मंजूर. विरोध तीन.
इलाही मुल्ला, दयानंद कांबळे,
आणि स्वतःचं नाव लिहिताना
चांगलं अक्षर थोडं बिघडलं.
सहीची जागा सोडून
वह्या त्यांच्या उशाशी ठेवून आले.

पाचव्या दिवशी नातीबरोबर परत आल्या.
सही नाही. खोडलेलंही नाही.
जुन्या वहीत, एकोणऐंशीच्या पानात,
खूण म्हणून बेदाण्याची एक काडी.
म्हणजे कुणाकडून तरी पुन्हा वाचून घेतलं.

सोमवारी सौदे. त्यानंतरच्या रविवारी मतदान.
शेठचं पॅनेल येईल निवडून,
आपल्या दोन जागांसकट.
आई पहाटे पाचला डबा भरते, विचारते,
वहीत एवढं काय लिहितीस गं,
आणि उत्तराला न थांबता
टेम्पो गाठायला निघते.